आईच्या चपला

पुणतांबे, १९९४

शुभांगीताई,
सप्रेम जयभीम.

संगमनेरच्या प्रदर्शनाची पत्रिका आणि तुम्ही काढलेल्या आईच्या चित्राचा फोटो मिळाला. चेहरा हुबेहूब आहे. फक्त चित्रात ती अनवाणी आहे. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "आजी, चपला काढून बसा, जास्त गावाकडचं वाटेल." तिनं काढल्या.

तुम्हाला माहीत नसणार. आमच्या लोकांना पूर्वी चपला हातात घेऊनच गावातून जावं लागे. बौद्ध झाल्यावर वडिलांनी आईला नव्या चपला आणल्या. त्या घालून ती भर दुपारी पारासमोरून चालत गेली.

आज बुद्धवंदना झाल्यावर हे लिहायला बसलो, तर आई म्हणाली, "पोरीला बोलू नको. मला बाजंवर बसवलं अन् ती भुईवर बसली. तुज्या गावात एवढा मान कुनी दिलता रे मला?"

तिचं खरं आहे. म्हणून हे पत्र पाठवत नाही. प्रदर्शनाला आईलाच घेऊन येतो. ती चपला घालून चित्राशेजारी उभी राहील. तेव्हा एकदा तिच्या पायांकडे बघा.

आपला,
लहानू