उजवी पाकळी

साखळी, गोवा
रविवार, ता. २२ मे १९८८

चि. बाबली यास सगुणदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता कुडाळच्या गाडीच्या कंडक्टरकडून मिळाला. लाकडाच्या वखारीत करवतींना धार लावणारा, एका पायाने लंगडणारा, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, तोच. तरी मला धीर होत नव्हता. पत्र भलत्याच माणसाच्या हाती पडले तर? पोस्टात जाऊन विचारले, पोचले नाही तर काय होते? ते म्हणाले, पाकिटाच्या मागे आपला पत्ता लिही, परत येईल. मग लिहायला बसलो. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आम्ही दोघे आहोत तसे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा सुजला आहे. ती म्हणते थंडीने, पण मेमध्ये थंडी कुठली? मला वेगळेच भय वाटते. मागीलदारच्या फणसाला यंदा सतरा फणस लागले, ते तू लावलेलेच झाड. पोदेर आता पाव घेऊन सायकलने येत नाही, स्कूटरने येतो. घरावरचे कौलांचे नळे अजून परतून घातले नाहीत. पाऊस लवकर आला तर काय करायचे या विचाराने जेवण जात नाही. मी छत्री घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. लोक हसतात.

एकोणीस वर्षांनी दादा फणस मोजायला पत्र लिहीत नाही, हे तुला कळलेच असेल.

येथे नगरपालिकेने नवे मैदान केले आहे. येत्या तीस तारखेला गोवा राज्य होऊन वर्ष होते, त्या दिवशी त्याची कमान उघडायची आहे. कमानीवर साखळीच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचे नाव घालायचे ठरले आहे. ठरले एवढेच, नाव ठरत नाही. पंधरा दिवस गावात दुसरा विषय नाही. तुझे नाव आहे आणि कृष्णनाथचे आहे.

सखारामच्या हॉटेलात रोज सकाळी भांडण होते. सखाराम तुझ्या बाजूचा. समोर शिवदास मास्तर. ते आता निवृत्त झाले, कमिटीचे अध्यक्ष आहेत.

मास्तर म्हणतात, "मुंबईच्या टीममधून खेळला तो कृष्णनाथ. पेपरात फोटो आला. तुमचा बाबली खेळला कुठे? मळ्यात!"

"मळ्यात खेळणं सोपं वाटलं, मास्तर?" सखाराम भजी तळता तळता ओरडतो. "कापलेल्या भाताचे खुंट पायात घुसायचे. मुंबईला गवत पेरतात. पायांत बूट असले की माझी म्हैससुद्धा खेळेल."

"मग म्हशीचं नाव घाल कमानीवर."

मग सखाराम डिचोलीविरुद्धच्या फुटबॉल फायनलची गोष्ट काढतो. गोलाला जाळे म्हणून चोपड्याहून मासे धरायची जुनी जाळी आणली होती, आठवते ना? तू डाव्या पायाने मारलेला बॉल जाळे फाडून पलीकडे गेला आणि डिचोलीवाले म्हणाले, बाजूने गेला, गोल नाही. अर्धा तास वाद. शेवटी पंचाने बॉल उचलून पाहिला, तर त्याला माशाचा खवला चिकटलेला! सखाराम ही गोष्ट सांगताना भज्याचा झारा हवेत उडवतो, तेल गिऱ्हाइकांवर पडते, पण कोणी उठत नाही.

परवा त्याने हे सांगितल्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "खवला खरा. पण साखळीतून मुंबईचं बोलावणं पहिलं कोणाला आलं? बाबलीला. गेला का तो? नाही गेला. मळ्यातला वाघ मुंबईच्या नावाने भ्याला. भित्र्याचं नाव कमानीवर घालायचं?"

सखारामने झारा खाली ठेवला. त्याने माझ्याकडे पाहिले. "सगुणदा, तुम्ही सांगा. तुम्ही भाऊ."

मी म्हणालो, तेव्हा देवाला कौल लावला होता, प्रसाद डावा झाला, देव नको म्हणाला, म्हणून तो गेला नाही.

मास्तर हसले. "जायचं नसलं की प्रसाद डावाच होतो."

माझा चहा तसाच राहिला.

बुधवारी कमिटीची सभा आहे. जावे म्हणतो.  तुला काही सांगायचे आहे, ते सभा झाल्यावर लिहितो. तू गेलास त्या सकाळी पायाला फडके गुंडाळलेले होते, देवळासमोरून गाडी गेली आणि तू तोंड दुसरीकडे फिरवलेस. ते मी पाहिले होते. त्यानंतर तू कोणत्याच देवळात जात नाहीस असे ऐकले. खरे काय?



शुक्रवार, ता. २७

वरचा कागद पाकिटात घालून पोस्टापर्यंत दोनदा नेला आणि परत आणला. आता पुढे लिहितो.

सभेला तीस-चाळीस माणसे होती. कृष्णनाथही आला होता. त्याचे केस सगळे पांढरे झाले. पहिला तास कमानीवरची अक्षरे मराठी की कोकणी यातच गेला. एकाने खुर्ची उचलली. शेवटी दोन्हीत लिहायचे ठरले. तेव्हा सखाराम म्हणाला, "अक्षरं दोन भाषांत, आणि नाव एकातही नाही!" सगळे हसले आणि नावाचा विषय निघाला.

कृष्णनाथ चांगला माणूस आहे. तो उठून म्हणाला, "बाबली माझ्यापेक्षा चांगला खेळायचा, हे मी कोणालाही सांगेन. त्याची जागा रिकामी राहिली म्हणून मला नेलं. पण तो आला नाही, त्याला मी काय करू?"

मागून कोणीतरी म्हणाले, "भ्याला तो! मास्तर, कृष्णनाथचं नाव लिहा."

मास्तर लिहू लागले.

बाबली, मी उठलो. जन्मात कधी सभेत उठलो नव्हतो. छत्रीला धरून उभा राहिलो. आणि तेथे जे सांगितले ते तुला आधी सांगायला हवे होते, म्हणून आता लिहितो.

सहासष्ट साली मुंबईच्या गिरणीच्या टीमचा माणूस तुला न्यायला आला, तेव्हा तू म्हणालास, दादा, देवाला विचारून ये, उजवा दिला तर जातो. तू खाणीवर पाळीला गेला होतास. मी एकटाच देवळात गेलो. भटजींनी दोन पाकळ्या पाण्याने देवाच्या अंगावर लावल्या, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. गाऱ्हाणे घातले. मी मनात म्हणत होतो, डावी पाड, डावी पाड. आईबाप गेल्यापासून तुला मी वाढवला. शेजारच्या रघूचा मुलगा मुंबईला गेला तो परत दिसला नाही. आमचे पोर त्याच वर्षी देवाघरी गेले होते. घरात तू नसलास तर संध्याकाळी कोणाची वाट पाहायची?

गाऱ्हाणे पुरे होण्याच्या आत पाकळी पडली. उजवी.

भटजी म्हणाले, जाऊ दे त्याला, देवाने हसून उजवा दिला. मी नारळ ठेवला आणि वाळवंटी नदीच्या काठाकाठाने घरी आलो. वाटेत काही ठरवले नव्हते, खरे सांगतो. तू पायरीवर बसून बुटांना खोबरेल लावत होतास. त्या माणसाने दिलेले बूट. मान वर न करता विचारलेस, "काय झाला?"

मी म्हणालो, "डावा."

तू म्हणालास, "बरं." बूट पुसून खुंटीला लावलेस आणि विहिरीवर गेलास. एका शब्दानेही पुन्हा विचारले नाहीस. तू भांडला असतास तर मी खरे बोललो असतो, असे मी किती वर्षे स्वतःला सांगतो आहे. त्याचाही उपयोग नाही.

मग तू खाणीचा ट्रक चालवू लागलास. तीन वर्षांनी मागचा फाळका पायावर पडला, तोही डाव्याच. इस्पितळात तू मला म्हणालास, "दादा, देवानं नको म्हटलं म्हणून राहिलो. मग राहिलेल्याचा पाय तरी राखायचा होता." मी तुला पेज भरवत होतो. तेव्हाही बोललो नाही.

हे सगळे मी सभेत सांगितले. शेवटपर्यंत सांगितले. 

 मला वाटले, आता शिव्या देतील, कोणी मारतीलही. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मागचा तोच माणूस हसला. मग दुसरा. मग सगळे.

"सगुणदा! देवाचा उजवा प्रसाद तुम्ही डावा सांगितला? तुम्ही?"

"मे महिन्यात छत्री घेऊन फिरणारा माणूस हा!"

"मांजर आडवं गेलं तर अर्ध्या वाटेवरून परत येतात, आणि म्हणे देवाशी खोटेपणा केला."

सखारामसुद्धा जवळ येऊन हळूच म्हणाला, "भावासाठी करता ते कळतं हो. पण देवाला मध्ये घालू नका, बरं नाही ते."

मी म्हणत राहिलो, खरे आहे, खरे आहे. जितके म्हणावे तितके त्यांना खोटे वाटे. चौसष्ट वर्षे भिऊन काढली, त्यात एकदाच एवढे मोठे पाप करण्याचे धाडस केले, ते गावाला पटत नाही. भटजी तर दहा वर्षांपूर्वीच वारले.

तेव्हा मास्तर म्हणाले, "वाद कशाला? उद्या सकाळी देवालाच विचारू. सगुण खरं बोलतो की नाही."

मला बरे वाटले, बाबली. केवढे बरे वाटले! म्हटले, देवाला तरी ठाऊक आहे. घरी येऊन पोटभर जेवलो.

काल सकाळी पंधरा-वीस जण देवळात जमले. आता भटजींचा मुलगा पूजेला आहे. तो कुरकुरला, "लग्नाचं विचारतात, चोरीचं विचारतात. फुटबॉलाचं अजून कोणी विचारलं नव्हतं." तरी त्याने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. "बा देवा म्हाराजा, हा सगुण म्हणतो, बावीस वर्सांमागे तुवें उजवो दिल्लो आणि ह्यानं डावो सांगलो. खरं असेल तर उजवी दे, खोटं असेल तर डावी दे."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." सवयीने मीही म्हणालो.

पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. मी उजवीकडे पाहत होतो. इतका एकटक पाहत होतो की डोळ्यांत पाणी आले. मग बाजूच्या लोकांचा श्वास सुटलेला ऐकू आला.

डावी पडली होती.

कोणी हसले नाही. ते देऊळ होते. कृष्णनाथने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सगुणदा, आता मन शांत करा. देवानंच सोडवलं तुम्हाला." तो अगदी मायेने म्हणाला. मास्तरांनी माझी छत्री उचलून दिली. बाहेर आल्यावर त्यांनी रंगाऱ्याला निरोप धाडला. कृष्णनाथचे नाव आज रंगवत आहेत. येथून जनेलातून कमान दिसते, 'कृ' झाला आहे. सोमवारी नारळ फोडतील. भित्रा म्हणून तुझे नाव आता देवाच्या सहीने पक्के झाले, आणि ते मी केले. पहिल्यांदा खोटे बोलून केले, आणि आता खरे बोलून.

तुझी वहिनी सभेला बायकांत बसली होती. परवापासून ती बोलत नव्हती. आज दुपारी पेज वाढताना तिने एवढेच विचारले, "खरं होतं?" मी मान हलवली. तिने वाटी माझ्यापुढे सरकवली आणि आत गेली. अजून आली नाही. तिने विश्वास ठेवला. साखळीत तेवढा एकच माणूस.

माझ्याजवळ तुला दाखवायला काही नाही. बॉलला खवला तरी होता. ती पाकळी पाहणारे आम्ही तिघेच. त्यातले भटजी गेले, मी आहे, आणि तिसरा विचारले तर उलटे सांगतो. मागे त्याने उजवी दिली तेव्हा मी त्याचे ऐकले नाही, आता त्याने माझे ऐकले नाही. तू कोणाचे खरे मानावेस हे मी सांगू शकत नाही. त्याचे मानलेस तर तो तुला नको म्हणाला होता. माझे मानलेस तर मी म्हणालो होतो. मी म्हणालो होतो, बाबली. तो नाही. जमले तर एकदा कुठल्याही देवळासमोरून जाताना तोंड फिरवू नकोस. माझ्यापासून फिरव.

सुरुवातीला आशीर्वाद लिहिले आहेत. हात तसा वळलेला आहे म्हणून लिहिले गेले. खोडले तर कागद घाण दिसेल म्हणून ठेवले, पण तू ते धरू नकोस. पाकिटाच्या मागे पत्ता लिहीत नाही. पत्र परत आले तर ते घेण्याची ताकद माझ्यात नाही. न आल्यास, तू वाचलेस असे धरून चालेन.

घराची वाट तुला ठाऊक आहे. फणस पिकायला लागले आहेत.

सगुण