मनूची शनिवारची घोडी

९ नोव्हेंबर, शनिवार
मनू आज शबनमच्या पाठीवर अकरा मिनिटं. देऊळघाट रस्त्यावरच्या संस्थेच्या मैदानात. फिजिओ किरण मॅडमनी घड्याळ लावलं होतं. कंबरेला हात फक्त शेवटी द्यावा लागला. माझी सात वर्षांची पोरगी, टेकू दिल्याशिवाय कधी बसली नाही, ती घोडीवर मान वर करून. घोडी चालते तशी लेकराची कंबर हलते, पाठ आपोआप कामाला लागते, असं मॅडमनी पहिल्या दिवशी समजावलं होतं. तेव्हा मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चला, अजून एक खूळ.

सासूबाईंचं तेच. "घोडीवर नवरदेव बसते व. लुळ्या पोरीले बसवून काय भेटते?" मी भाकरी उलटली. बोललं की भाकरी करपते, बाकी काही होत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
मनू पाटावर बसून जेवली. भिंतीला न टेकता. वरणभात अर्धा सांडला. प्र. ताट घेऊन समोर बसला आणि स्वतः जेवायचंच विसरला. नवऱ्याचं हे रूप मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

३० नोव्हेंबर, शनिवार
सलीमचाचांना डब्यातली पोळी-भाजी दिली. शबनम त्यांचीच, लग्नाची घोडी. लगनसराई असून शुक्रवारची वरात घेत नाहीत. "रातभर नाचली का सकाळी थकून राह्यते. थकली घोडी ठेसते. वर लेकरू असते."

आज पुन्हा सगळ्या आयांना तेच सांगितलं, दर शनिवारी सांगतात. "बाजा वाजला का ते पुढचे पाय उचलनारच. म्याच शिकवलं तिले. मंग वर कोन बसलं ते तिले समजत नाही. म्हून इथं बाजा नाही, फटाका नाही." किरण मॅडमनी शेडवर तसा कागदही चिकटवलाय.

११ डिसेंबर, बुधवार
संस्थेच्या अध्यक्षांचा निरोप. शनिवारी केंद्राचं उद्घाटन. तीन महिने मुलं घोडीवर बसतायत, पण फीत कापली नाही ना, म्हणजे अजून सुरू झालेलं नाही. फीत कापताना मनू घोडीवर हवी, ती सगळ्यांत सरळ बसते.

प्र. खूश. संस्थेच्याच कॉलेजात लिपिक, सहा वर्षं झाली, अजून कायम नाही. "सायबाच्या डोळ्यात भरू न आपण." मी तरी काय मोठी, लगेच जाऊन पिवळा फ्रॉक आणला.

१५ डिसेंबर, रविवार
काल.
पाहुणे दीड तास उशिरा. मनू उन्हात, घोडीवर. फीत कापली आणि गेटमधून बँड वाजत आत आला. वरातीचं गाणं. त्यांना दुसरं येतं कुठे.
शबनम मागच्या दोन पायांवर उभी राहिली. चाचा लगामाला लोंबकळले. किरण मॅडमच्या हातात फ्रॉक आला, फाटला. मनू डाव्या खांद्यावर पडली, गळ्याखालचं हाड मोडलं. बँडवाले कडवं पूर्ण करून थांबले.
दवाखान्यात रात्रभर "शब्बू, शब्बू". माझी आठवण एकदाही काढली नाही. राग आला, घोडीचा नव्हे, कोणाचा ते लिहवत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
संस्थेतून टाइप केलेला कागद. घोडी मुळातच बेभरवशाची, मालकाने ते लपवून ठेवलं, पालकांची संस्थेविरुद्ध तक्रार नाही. वड्याचं तेल वांग्यावर. शेडवरचा कागद दुसऱ्याच दिवशी काढून टाकलाय. किरण मॅडमनी विचारलं तर उत्तर मिळालं, कोणता कागद?

प्र. आधीच सही करून आलेला. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. "करून टाक. मनूचा व्यायाम तिथंच हाये, माही नोकरी तिथंच हाये. चाचाचं काय, त्याले वराती हायेतच."
केली. शाळेत प्रगतिपुस्तकांवर करते तशी, न वाचता.

११ जानेवारी, शनिवार
खांद्याचा पट्टा निघून आठवडा झाला. केंद्रात आता लाकडी घोडा, खाली स्प्रिंग. किरण मॅडम नोकरी सोडून नागपूरला गेल्या. नव्या बाई मोबाइलवर. मनू त्या घोड्यावर मिनिटभरात डावीकडे कलते. घरी पाट बंद, पुन्हा उशा. तीन महिन्यांत कमावलेलं चार आठवड्यांत गेलं.
भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. फीत, कात्री, पाहुणे. घोडी कापून टाकलीय, कडेला मनूचा एक पाय तेवढा राहिलाय.

१७ जानेवारी, शुक्रवार
शाळेतल्या शिपाईमामांकडून कळलं. आमचा सहीचा कागद मोबाइलवरून गावभर फिरला. लग्नवाले चाचांना विचारतात, पोरीले पाडलं ते हेच का? ठरलेल्या वराती मोडल्या. शबनम विकायला काढलीय.

१५ डिसेंबरला लिहिलं नाही ते आज लिहिते. उद्घाटनाच्या सकाळी मनूला वर बसवायच्या आधी चाचांनी मला विचारलं होतं, "मॅडम, बाजा त नाही सांगितला न कोनं?" येताना मी टपरीवर बँडवाले पाहिले होते. लाल कोट, चहा पीत होते, ढोल बाकड्यावर. मी म्हटलं, "नाही हो चाचा."
का म्हटलं? सांगितलं असतं तर त्यांनी मनूला बसवलंच नसतं. मला फोटो हवा होता. सासूबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी टांगायचा होता, रोज दिसेल असा. अध्यक्षांना एवढे दिवस शिव्या घालते आहे. त्यातल्या निम्म्या माझ्याच वाट्याच्या.

२५ जानेवारी, शनिवार
प्र.ला न सांगता मनूला घेऊन देऊळघाटला चाचांच्या घरी गेले. शबनम निंबाखाली बांधलेली. चाचांनी मला बसा म्हटलं नाही. मनूला मात्र कडेवर घेतलं, घोडीच्या मानेवर तिचा हात ठेवला. मनू इतकी हसली की लाळ गळली, ती त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली.
मी म्हटलं, एकदा बसवता का?
"काऊन नाही बसवनार? पन कागदावर तुमची सही हाये न मॅडम. म्या लपवलं म्हनता तुमी."
तेव्हा मी टपरीचं सांगितलं. सगळं. फोटोचंही.
त्यांनी मनूला माझ्याकडे परत दिलं. ती रडायला लागली. मग घोडीकडे तोंड करून म्हणाले, "हेच लिहून द्या. गिऱ्हाईक परवापास्तोर थांबत होतं, म्या बुधवारपर्यंत थांबवतो. लोकायले दाखवाले कागद असला त वराती येतीन. घोडी राहीन, पोरीचा शनिवार बी राहीन."
माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, तोंड कुठे होतं मागायला.

२८ जानेवारी, मंगळवार
प्र. दुपारीच घरी आला, पेढे घेऊन. एक तारखेपासून कायम. अध्यक्ष स्वतः म्हणाले, तुमच्या घरच्यांनी संस्थेला समजून घेतलं. सासूबाईंनी मनूच्या तोंडात पेढा घातला. मनू उशांत कललेली, पेढा गालातून बाहेर.

शाळेच्या वहीतला कागद फाडून घेतला. 'बँडवाले आलेले मी पाहिले होते. सलीमचाचांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. घोडी आणि तिचा मालक यांचा दोष नाही.' तीन ओळी. खाली नाव, तारीख.
सही राहिली आहे. प्र. वरच्या मजल्यावर पेढे वाटायला गेलाय, येईलच.