मामांच्या पलंगाचा दस्ता

विलो फोर्क, मोंटाना
६ ऑक्टोबर १९५३

तीर्थस्वरूप थॉर्वल्ड मामांना,

एल्डनचा नमस्कार (तुमच्या उंचीमुळे तो मी लहानपणापासून वर बघूनच करत आलो आहे). सिअ‍ॅटलच्या दमट हवेत तुमची पाठ कशी आहे आणि बोटीवर पोटभर जेवण मिळतं का, ते कळवावं. आई बरी आहे. गाई बऱ्या आहेत. बाबांचं पुढे लिहितो.

पत्रास कारण तुमचा पलंग. आजीने आयोवाहून आणलेला तो अक्रोडाचा पलंग तुम्ही जाताना 'लग्न ठरलं की नेईन' म्हणून इथे ठेवलात, त्याला नऊ वर्षं झाली (लग्नाचं मी विचारत नाही, फक्त वर्षं मोजली). तर पलंगाची उशाची बाजू शाबूत आहे, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या शाबूत आहेत. पायथ्याची फळी नाही. ती मी कापली. आधी क्षमा मागतो आणि मग सगळं सांगतो, कारण उलट क्रमाने सांगितलं तर तुम्ही मध्येच पत्र फाडाल अशी मला भीती आहे.

बाबांची कडीची रायफल (खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी चढते, ती) तुम्हाला आठवत असेलच, कारण बर्फात रुतलेली गवताची घसरगाडी तिनेच उचकटायची कल्पना तुमची होती. दस्ता (खांद्याला टेकवायचा लाकडी भाग) मानेत, म्हणजे मुठीच्या बारीक जागी, मोडला. त्यानंतर बाबा काय बोलले आणि तुम्ही काय बोललात, ते लिहीत नाही. मी अकरा वर्षांचा होतो आणि घोड्याचा नाल बघण्याचं नाटक करत होतो. तुम्ही गेल्यावर बाबांनी मोडलेल्या जागी ओलं कातडं गुंडाळून वाळवलं आणि नऊ वर्षं त्यावर भागवलं. नवा दस्ता करू म्हटलं की म्हणायचे, राहू दे, मोडलेलं दिसत राहू दे.

ऑगस्टमध्ये शहरातल्या डॉक्टरांनी बाबांच्या छातीचा फोटो काढला. परतल्यावर फाटकापाशी उतरताच बाबा म्हणाले की पंचवीस ऑक्टोबरला एल्क हरणांची शिकार सुरू होते, त्याच्या आत रायफल धड झाली पाहिजे आणि ती तू करायचीस. मी म्हटलं, मला येत नाही. ते म्हणाले, मलाही मरता येत नाही, शिकतोय. (आईला हे सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नये.)

आमच्याकडे अक्रोड उगवत नाही, आणि पाइनचा दस्ता केला तर पहिल्याच धक्क्याला उभा चिरेल. पलंगाकडे बोट बाबांनीच दाखवलं. कापताना मात्र ते अंगणात जाऊन उभे राहिले.

आता काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो (थोडक्यात मला जमत नाही, हे आई म्हणते). रायफलच्या मागच्या लोखंडी जिभांना कंदिलाची काजळी फासायची, त्या लाकडाच्या खाचेत दाबायच्या, काढायच्या, जिथे काळा ठिपका उमटला तिथलं तेवढंच लाकूड पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा ठिपका. लोखंड आणि लाकूड यांच्यात केसही जाता कामा नये. मी हे सदतीस दिवस केलं. खोगीरवाले रॉस्को रोज डोकावायचे. एकदा म्हणाले, "बाळा, झाड यापेक्षा लवकर वाढतं." दुसऱ्या रविवारी मी नाकाला काजळी लावूनच चर्चमध्ये गेलो आणि पाद्रीसाहेबांनी माझ्याकडे बघत पश्चात्तापावर प्रवचन दिलं. लाकडावर जवसाचं तेल तळहाताने चोळायचं असतं. ते मी चोळलं. तेलाची फडकी मात्र नीट घडी करून, एकावर एक रचून ठेवली. तेलाची फडकी अशी रचली की आपोआप पेट घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. ती मी बाबांच्या रविवारच्या टोपीत रचली होती. टोपी गेली. बाबा म्हणाले की बरं झालं, आता तिची गरज कमीच लागणार, आणि हसता हसता इतके खोकले की आई पाण्याचं भांडं घेऊन धावली.

पण खरी चूक मापात झाली. दस्त्याचं टोक कोपराच्या खळगीत टेकवलं की बोट बरोबर चापावर पोचलं पाहिजे, ही आमची मोजायची रीत. मोडक्या दस्त्याचं माप तेरा इंच. बाबांनी मला कागदावर लिहून दिलं, सव्वाचौदा. मला वाटलं औषधाने गोंधळ झाला असेल. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, जे लिहिलंय ते काप. इकडे बाबांचा हात महिन्यागणिक बारीक होत होता आणि कागदावरचा हात वाढलेला होता. तरी मी कागदाप्रमाणे कापलं, कारण वडिलांचं अक्षर खोटं कसं धरायचं?

काल दस्ता चढवला. बाबांनी कोट घालून रायफल उचलली, तर टोक काखेतच अडकलं. खांद्याला लागेना. दोनदा प्रयत्न केला, मग मांडीवर घेऊन बसले. म्हणजे तुमचा पलंगही गेला आणि दस्ताही बाबांच्या उपयोगाचा नाही. याबद्दल मला मनापासून खेद आहे. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये.

आपला आज्ञाधारक भाचा,
एल्डन

ता. क. मी लगेच करवत आणली होती. सव्वा इंच कापून टाकतो म्हटलं. बाबा म्हणाले, "करवत ठेव. एवढा लांब हात या घरात एकाच माणसाचा होता." मग दस्त्यावरून तळहात फिरवत म्हणाले, "आणि लांबड्याला मी बोलावलं असं कळवशील तर याद राख." म्हणून मी तसं कळवत नाही.

पुन्हा ता. क. आज सकाळी खिंडीच्या माथ्यावर पांढरं दिसलं. बस अजून मंगळवारी आणि शुक्रवारी येते. खिंड बंद झाली की वसंतापर्यंत येत नाही. डॉक्टरांनी वसंताचं नाव घेतलं नाही. मामा, पुढच्या शुक्रवारी या. फळीशिवायच्या पलंगावर तुमचे पाय बाहेर येतील, पण ते पूर्वीही यायचे.

शेवटचं. गोळ्या आणू नका. बाबांनी कॉफीच्या डब्यात तीन काढून ठेवल्या आहेत. एल्कला एक पुरते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, दोन लांबड्याच्या चुकणाऱ्या नेमासाठी.