रॉकेटची तीन शिंगं

आप्पा, रॉकेटच्या पंखांना तुम्ही शेवटपर्यंत शिंगंच म्हणालात. तुमचा तरी काय दोष? बेंदराला गावोगावच्या बैलांची शिंगं रंगवणारे तुम्ही. एरवी बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या. चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी शिळी झाली होती आणि आमच्या आंबवड्याच्या शाळेला भोरच्या विज्ञान प्रदर्शनात लाकडी रॉकेट मांडायचं होतं. सुताराकडून घडवून आणून मी ते तुमच्यासमोर ठेवलं. मला माहेरी येऊन तेव्हा काही महिने झाले होते. नवरा हात उचलायचा म्हणून मी मार्गासनीहून नेसत्या पातळानिशी निघून आले, इथल्या शाळेत रजेच्या जागेवर लागले, आणि तुम्ही त्यावर बरं-वाईट एक अक्षर बोलला नव्हतात. आई असती तर भांडली तरी असती.

स्वयंपाकघरात आपण बसलोय, कारण बाहेरची धूळ ओल्या रंगावर बसते. पांढरा रंग वाळलाय. मी गव्हाच्या पिठाची खळ शिजवते, तुम्ही जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापता. पंखाच्या वरच्या अर्ध्यावर पट्टी तिरपी चिकटवायची, कड नखानं दाबायची आणि खालच्या अर्ध्यावर लाल फिरवायचा. पहिल्या दोन पंखांवरच्या रेघा तुम्ही सवयीनं समोरासमोर घेतल्यात, डाव्या-उजव्या शिंगांसारख्या. तिसऱ्याशी आलात आणि हात थांबला.

"ह्येची जोडी कुठं हाय?"

"ह्याला जोडी नसती, आप्पा. तिन्ही येकाच अंगाला कलायला पायजेत."

मला हसू आलं, तुम्हाला नाही. एक पंख पुसून तुम्ही पुन्हा पांढरा केलात आणि तो वाळेपर्यंत काम अडलं.

तेवढ्यात दिराचा निरोप आला, आयतवारी न्यायला येतो म्हणून. शनिवारी संध्याकाळी त्याच पंखावर लाल रंगाचा हात देऊन झाला होता. मी पट्टीचं टोक धरून म्हणाले, "आप्पा, मी जायाची न्हाई." तुम्ही टरपेनमध्ये ब्रश बुचकळत राहिलात. "शाळा सुटंल माजी," मी म्हणाले. मी वाट बघत राहिले, केवढा वेळ कोण जाणे.

"कागद वढ आदी. रंग वला हाय तवरच वढायचा. वाळला की खालचं संगट घिऊन येतुय."

ओढला. उशीर झालाच होता, पांढऱ्याचा पापुद्रा कागदाबरोबर निघून आला आणि खालचं लाकूड दिसलं. "येवढं बी जमंना व्हय तुला?" असं खेकसलात. माझा सगळा जन्म पुढ्यात पडलेला, आणि तुम्ही रागावलात ते कागदावरून! तो राग अजून माझ्या डोक्यात आहे.

रविवारी दीर आला. तुम्ही त्याला चहा पाजलात, माझं बोचकं स्वतः उचलून एस्टीपर्यंत आलात. "संबाळून ऱ्हा," म्हणालात. कुणापासून, ते नाही सांगितलंत. रॉकेट माझ्याशिवायच भोरला गेलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तेही अर्धंच. डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं तेव्हा मी कायमची परत आले. शाळेत तोवर दुसऱ्या बाई लागल्या होत्या आणि तुम्ही अंथरूण धरलं होतंत. मी पेज भरवायची. कधी कधी तुम्ही माझ्या डाव्या अंगाला काहीतरी पुटपुटायचात. मी घाईनं तोंड फिरवून उजवा कान पुढं करायची, तोवर तुम्ही गप्प झालेले असायचात. काय म्हणायचं होतं ते तुमच्याबरोबरच गेलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. फक्त हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही "हितंच ऱ्हा" म्हणाला असतात तर मी खरंच राहिले असते का, हे मला माहीत नाही. लोकांच्या तोंडाची भीती मलाही तुमच्याइतकीच होती. त्या शनिवारी, तुम्हाला विचारण्याच्या आधीच, सकाळच्या शाळेत मी हेडमास्तरांना सांगून आले होते की सोमवारपासून मी येणार नाही.