शेठ राखेतून उठत नाई

गुरु. ६ ऑक्टो. २०१६

गिरणीत नुसती झुंबड. दसरा तोंडावर, सगळ्यायले आजच दळण पाहिजे. तोंडाले पीठ, कानात पीठ.

शेठ दिवसभर गल्ल्यावर दिसला नाई. गल्ल्याच्या पेटीवर बसून गिऱ्हाईक न्याहाळते म्हणून तर या बोक्याचं नाव शेठ ठेवलं. आज पेटी सोडून मागच्या राखेच्या ढिगावर. म्हनलं, बसू दे, गर्दीचा वैताग आला असन साहेबाले.

गि. मा. उपाशी. गि. मा. म्हंजे गिरणीमालक, आमचे हे. नवऱ्याचं नाव मी लिवत नाई, आन "हे हे" लिवायचा कंटाळा येते. नवरात्र अनवाणी, एक वेळ फराळ, घटापुढे अखंड दिवा. चिडचिड मात्र तीन वेळ.

शुक्र. ७

शेठ पुन्हा राखेत. उकरते, बसते, जोर लावते, उठते. दोन पावलं जाऊन पुन्हा बसते. मधीच कण्हल्यावानी ओरडते. मागचं अंग चाटून चाटून लाल करून ठेवलं. दुधाले तोंड लावलं नाई.

गि. मा. म्हने, "पोट साफ होत नसन. उंदराचे केस अडकले असन."

मलेही तेच वाटलं. गावात कोणाच्या लेकराले असं झालं तर काय करते? एरंडेल.

शनि. ८

पाजलं एरंडेल. पदरात गुंडाळून, जबडा उघडून, चमच्यानं. हाताले दोन ओरखडे. अर्धं माह्या लुगड्यावर, अर्धं त्याच्या पोटात.

शेजारची कमल आली. म्हने, "मांजराले कोणी औषध पाजते काय बाई? हातचं मेलं तर काशीले सोन्याचं मांजर न्या लागते." म्हनलं, तू आपलं दळण घे आन जा. हासत गेली.

संध्याकाळी राखेत पाह्यलं. शी नाई. एक ओला ठिपका, लालसर. मले वाटलं एरंडेलाचा डाग. अशी अक्कल.

रवि. ९

सकाळी ओकला. नुसतं पिवळं पाणी. मग पोत्यायच्या मागं जाऊन पडला. हाक मारली तर कान हालवते, उठत नाई.

ओढून काढला. पोटाखाली हात गेला आन माहा जीवच गेला. खालच्या बाजूले कच्च्या लिंबावानी टणक गोळा. दाबलं तर असा ओरडला की घटापुढून गि. मा. पळत आला.

तेव्हा डोक्यात आलं. हे पोटाचं नाई, मुताचं आहे.

आमच्या माहेरी तलमडुगुले बैल होते. सरकी खाऊ घालायचे. बैल असाच पाय ताणून उभा राहून जोर लावे, थेंब पडे नाई, तर दादा लांबूनच पाहून म्हने, "मुतखडा. डॉक्टरले बोलवा." बैलाचं मूत तुंबलं तर आमच्याकडं लहान पोरगंही ओळखते. मांजर मुतते कवा, मुतत नाई कवा, हे पाहायले वेळ कोणाले आहे? मी बैलवाल्याची लेक, आन बोक्याले एरंडेल पाजून राह्यली! लाज वाटली.

आदिलाबादले जनावरायच्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हने, आज रविवार आहे, उद्या सकाळीच या. डॉक्टर सर निर्मलले चालले, बदली. दसऱ्यापासून जिल्ह्याचे चार तुकडे होऊन राह्यले, सरकारी माणसंही तशीच वाटून राह्यले. उद्याचा दिवस सर इथं आहे.

गि. मा. ले म्हनलं, उद्या तुमी चला, मले एकटीले धरवत नाई. तर म्हने, "घट बसले आहेत. दिव्यापाशी माणूस पाहिजे. आन नवरात्रात माह्या हातात मांजर मेलं तर?"

"दवाखान्यात नेल्यानं मेलं तर पाप, आन पोत्यामागं मेलं तर पुण्य काय?"

त्यानं वातीले तेल घातलं.

बोलले मी लागण्यासारखं, पण खोटं काय बोलले? या घरात दोन माणसं. लेकरू झालं नाई. तिसरा जीव म्हणावा तर हाच. संध्याकाळी गिरणी बंद झाली की आमी दोघं एकमेकाशी कमी आन त्याच्याशी जास्त बोलतो. "शेठ, हिले सांग चहा ठेव." "शेठ, यायले सांग दूध संपलं." हा गेला तर आमी कोणाच्या तोंडून बोलावं?

सोम. १०, दुपार

खंडेनवमी. गि. मा. नं गिरणी धुतली, जात्याले हळदीकुंकू, पट्ट्याले झेंडूची माळ, वजनमापं ओळीनं मांडले. आज हत्याराले हात लावायचा नाई. मी शेठले डालग्यात घातलं, वरून साडी बांधली, आन ऑटोनं निघाले. गि. मा. दारात आला. मी वळून पाह्यलं नाई.

दवाखान्यात पोचले तर काय! टेबलावर लाल कपडा. कपड्यावर कात्र्या, चिमटे, सुया, नळ्या, सगळ्यायले कुंकवाचे ठिपके, वर झेंडू, नारळ, उदबत्ती. कंपाउंडर हात जोडून उभा. "अम्मा, आज आयुधपूजा. उद्यापर्यंत सामानाले हात लावता येत नाई."

मी डालगं खाली ठेवलं. घरची गिरणी तशीच मांडून आलते ना! त्याले काय बोलू? कोणत्या तोंडानं?

डॉक्टर आतल्या खोलीत खोक्यात पुस्तकं भरून राह्यले होते. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदी बोलते. बाहेर आले, शेठच्या पोटाले हात लावला, आन चेहरा बदलला.

"पेशाब कबसे बंद?"

सांगतलं. एरंडेलाचंही सांगतलं. रागावतीन वाटलं, रागावले नाई. म्हने, बोक्यायची नळी बारीक राहते, रेतीवानी कण अडकते. लोकायले कब्ज वाटते. आजचा दिवस गेला असता तर अंगात विष चढून खतम.

मग टेबलाकडं पाह्यलं. कंपाउंडरले तेलुगूत काईतरी म्हनले. तो मान हालवे, डॉक्टर बोले. शेवटी डॉक्टरनं सोताच पूजेतली सर्वांत बारीक नळी आन सुई उचलली, कपाळाले लावली, कुंकू धुतलं, पाणी उकळायले ठेवलं. म्हने, "अम्मावारू समझेगी." अम्मावारू म्हंजे देवी.

धरायले कोणी नाई. कंपाउंडर म्हने पूजा मीच केली, मी पापात पडत नाई. मग मीच धरलं. मान धरली, मागचे पाय धरले, तोंड फिरवलं. देवीचं नाव घेतलं, तेही धड आठवे नाई. शेठ आधी ओरडला, मग ओरडायचाच थांबला. ते जास्त वाईट.

आन मग आलं. लाल पाणी, धार. माह्या हातावर, साडीवर, टेबलाखाली. मी रडू लागले, डॉक्टर हासू लागले.

निघताना बजावलं: "फिर बंद हुआ तो ऑपरेशन. मैं कल निर्मल में मिलूँगा. देर मत करना."

सोम. संध्याकाळ

घरी आले तर गि. मा. दारातच. साडीचे डाग पाहून घाबरला. म्हनलं, मूत आहे, रक्त थोडं. जिता आहे.

त्यानं डालग्यात वाकून पाह्यलं. लांबूनच. "शेठ, हिले सांग चहा मी ठेवतो."

शेठ दोन घोट पाणी पेला. मी चूल सारवून, बाजूच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी कोरडी राख टाकून ठेवली. बाई कशाची वाट पाहते? बोक्याच्या मुताची.

मंगळ. ११, दसरा

पहाटे राख ओली होती. देवाशप्पथ, हात लावून पाह्यलं. गि. मा. ले उठवून दाखवली. त्यानं घट हलवले, तुरे काढले, आरती केली. मी पुरण शिजत ठेवलं.

नऊच्या सुमारास शेठ पुन्हा राखेत गेला. बसला. उठला. बसला. आमी दोघं चुलीपाशी उभे राहून पाहून राह्यलो. कोरडी. पुन्हा कोरडी.

मी पुरण उतरवून ठेवलं. डॉक्टरले फोन केला, तिकडं भोंगे, ढोल, कोणाचं तरी भाषण. म्हने, "ले आओ. अभी."

डालगं उचलायले वळले तर डालगं रिकामं. गि. मा. नं शेठले आपल्या उपरण्यात घेतलं होतं. छातीशी. मी काई बोलले नाई, बोलले असते तर त्यानं खाली ठेवलं असतं.

जीपवाला ओळखीचा होता म्हणून सणाच्या दिवशी निघाला. रस्त्यानं लोकं जम्मीची, म्हंजे शमीची, पानं घेऊन चाललेले. घाट उतरताना शेठ एकदा ओकला, गि. मा. च्या नव्या सदऱ्यावर. "असू दे, असू दे," म्हने. शेठले म्हने का मले, कळलं नाई.

निर्मलले जिकडंतिकडं नवीन जिल्ह्याचे फलक, मांडव, फुलं. डॉक्टर नव्या जागी, अजून खुर्चीही धड नाई. पाह्यलं, म्हने नळी जात नाई, कापूनच वाट करा लागते. जीव कमजोर आहे, भूल सोसन की नाई सांगता येत नाई. नाई केलं तर रात्र काढत नाई. बोला.

मी गि. मा. कडं पाह्यलं. त्यानं माह्याकडं. मधात शेठ होता, पण त्याच्या तोंडून बोलायची वेळ नव्हती.

मी म्हनलं, "करा."

भूल देईपर्यंत धरायले माणूस पाहिजे होता. मी पुढं झाले. गि. मा. म्हने, "तू थांब. मी धरतो." आन आत गेला.

आता इथं व्हरांड्यात लिवून राह्यले. वही मांडीवर, अक्षर वाचता येईन का नाई माहीत नाई. बाहेर मिरवणूक चालली, फटाके. दार लोटलेलं. आतून शेठ एकदा ओरडला, मग नाई.

गि. मा. बाहेर आला. मनगटावर लांब ओरखडा. पायात चपला नाई; दसरा झाला, घालायले पाह्यजे होत्या, सुचलं नाई. म्हने, झोपला. डोळे उघडेच आहेत, पण झोपला.

दाराकडं पाहून हळूच विचारलं, "मेला तर पाप कोणाले?"

मी म्हनलं, "अर्धं अर्धं."

तो माह्या शेजारी पायरीवर बसला. दार अजून बंद आहे.