लोभ तहकूब करू नये

ता. ३ मार्च
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
दादूचा अर्ज 'तहकूब' झाला असं लिहितोस, म्हणजे नक्की काय रे? गोदामाच्या आगीचा खटला चालायचा तेव्हा चालू दे, पण बापाला एकदा भेटायला पोराला सोडा, एवढंच तर मागितलंय. यांच्या फुप्फुसात पुन्हा पाणी झालंय. डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघतात. कोर्टाच्या दारात नावं पुकारायला तूच असतोस ना, मग भाच्याचं जरा मोठ्यानं पुकार की!
तुझी ताई

ता. ११ मार्च
ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.
तहकूब म्हणजे नकार नव्हे. काम आहे तिथंच ठेवून पुढच्या तारखेला हाती घ्यायचं. मागच्या वेळी सरकारी वकील रजेवर होते. काल एक जुने वकील वारले, म्हणून दुखवट्यासाठी सगळं कामकाज तहकूब. ते ओरडून सांगणं माझ्याच गळ्यात. दादू पोलिसांच्या गाडीतून उतरत होता, माझा आवाज ऐकून तसाच परत चढला. मामाकडे बघितलंसुद्धा नाही. भाऊजींना म्हणावं, दम धरा. लोभ मात्र तहकूब करू नये.
धाकटा

ता. १७ मार्च
चि. धाकट्यास आशीर्वाद.
यांना तुझा शब्द भलताच आवडलाय. औषध पुढे केलं की म्हणतात, तहकूब. डॉक्टरांनाही म्हणाले, पोरगा येईपर्यंत माझंही तहकूब ठेवा. डॉक्टर हसले, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दादू घाबरू नये म्हणून रोज दाढी करून घेतात.
ताई

ता. २६ मार्च
धाकट्या,
हे गेले. एका गालाला साबण तसाच होता. सगळं उरकल्यावर लिहितेय. त्या वकिलांसाठी अख्खं कोर्ट थांबलं. इथं दूधवाल्यानं बेल वाजवली आणि मी पातेलं घेऊन गेले. दादूला तू जाऊन सांग. त्याला जवळ घेऊन सांग.
ताई

ता. ४ एप्रिल
ती. ताईस शि. सा. नमस्कार.
आज अर्ज पुकारला. या वेळी सगळे हजर होते. ज्यांना भेटायचं ते वडीलच वारले, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. साहेबांनी दोन शब्द बरे बोलून अर्ज निकाली काढला. आता पुढची तारीख नाही.
दादूला ते तिथंच कळलं, ताई. तुझं पत्र खिशात घेऊन मी रोज तुरुंगाच्या फाटकापर्यंत जायचो आणि उद्या सांगू म्हणून परत फिरायचो. आज त्यानं माझ्याकडे बघितलं.
लोभाची विनंती कोणत्या तोंडानं करू?
धाकटा