समितीचा दौरा आणि मोहसावळीची बस

नागपूर,
मार्गशीर्षातला एक आळसावलेला रविवार

चिरंजीव देवराव यास,

श्रीधरदादाचा आशीर्वाद, थोडा हात आखडता घेऊन. आखडता का, ते आधी सांगतो आणि प्रकृती मागाहून विचारतो. दिवाळीत सुहासिनीने तुझ्याबरोबर दिल्लीला जो उभा स्टीलचा डबा पाठवला होता, तो परवा तुझ्या ओळखीच्या गृहस्थांनी घरी आणून दिला. घासलेला, पुसलेला, चकचकीत आणि रिकामा! देवराव, आपल्या कुळात रिकामा डबा परत गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. घरात काहीच नव्हतं तेव्हा तुझ्या आईने, म्हणजे माझ्या मावशीने, डब्यात चार लिंबं घालून तो परत केलेला मी स्वतः पाहिला आहे. तू तर संसदेच्या दारात बसतोस. तुला तिथे मूठभर फुटाणे मिळू नयेत? सुहासिनी म्हणते जाऊ द्या. मी जाऊ दिलं आहे, फक्त नोंद केली आहे.

आता क्षेमकुशल. तुझी साखर, मिनलची कंबर आणि दिल्लीची हवा, तिन्ही बऱ्या आहेत ना? (तिसरीबद्दल मौन पाळलंस तरी समजून घेईन.) इकडे माझा रक्तदाब सम आणि सुहासिनीचा विषम आहे. दोन्हींचं कारण मीच, असं ती म्हणते.

डब्यावरून आठवलं. बळीराम कंडक्टर आठवतो का रे तुला? आपण दोघं इथे नागपुरात बर्डीच्या त्या खोलीत राहून शिकत होतो, आणि सकाळच्या लाल बसने गावाहून, मोहसावळीहून, आपले डबे यायचे. तेव्हाच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं मोठं झाकण असे, नेहमी तापलेलं. बळीराम डबे त्यावर ठेवायचा. त्यामुळे वांग्याची भाजी मोहसावळीला शिजायला लागायची आणि हिंगणा ओलांडून बर्डीला येईपर्यंत पुरती मुरायची. डिझेलचा किंचित वास असलेल्या त्या भाजीची चव मला पुढे कोणत्याही लग्नात सापडली नाही (माझ्या स्वतःच्या धरून, हे वाक्य सुहासिनीला वाचून दाखवू नकोस). आणि स्टॉपवर डबे घेऊन उभी असायची आपली सुभद्राताई. बस पुरती थांबण्याआधी डबे खिडकीतून आत आणि कालचे रिकामे बाहेर! रिकामे म्हणजे आपण त्यात पेपरमिंटच्या गोळ्या घालायचो, तेवढी रीत आपल्याला होती. ताई गावातल्या गावातच सून झाली तरी डबे थांबले नाहीत. सासूने विचारलं तर म्हणायची, "दोन भाऊ शिकून राहिले माझे." मी सख्खा आणि तू मावसभाऊ, हा भेद तिच्या हिशोबात कधी आलाच नाही.

तर मूळ विषय. तू फोनवर सांगितलंस की ज्या संसदीय समितीच्या कचेरीत तू नोकरी करतोस, ती देशाच्या वाहतुकीवर देखरेख करते, आणि यंदा मंत्रालयाकडून कोणत्या गोष्टींचा जाब आधी घ्यायचा, याचा प्राधान्यक्रम ठरतो आहे. दौऱ्यात नागपूरही आहे. "दादा, छापील निवेदनं वाचून डोकं उठलं. लोक काय म्हणतात ते जरा विचारून कळव ना." पर्यवेक्षण हा शब्द मला शाळेत शिकवताना नेहमीच आवडला, म्हणून मी तत्काळ होकार दिला. आवड हे एक कारण. दुसरं कारण ताई.

तिला काचबिंदू आहे हे तुला ठाऊक आहे. डोळ्यातला दाब वेळोवेळी मोजून घ्यावा लागतो, नाहीतर नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं (मी पहिल्यांदाच समजलो होतो). पण पावसाळ्याच्या आधी मोहसावळीची बस बंद झाली आणि ताईचं येणं थांबलं. फोन केला की कधी "कापूस हाये", कधी "तुरीवर फवारणी हाये", कधी नुसतेच "पाव्हणे हायेत". मी गाडी घेऊन येतो म्हटलं तर उसळली, "काहून? मी काय बिमार हावो काय गा? माझ्या पायानं चढीन अन् माझ्या पायानं उतरीन. बस सुरू होऊ दे, येईन." दोनदा मी गाडी नेलीच, तर दोन्ही वेळा ती शेतात गेली होती. चष्मा घरी ठेवून.

म्हणून मी लोकांची मतं घ्यायला मोहसावळीच निवडली. गाडी मुद्दाम घरी ठेवून लोकमान्यनगरपर्यंत मेट्रोने गेलो. आत खांद्यावर शेला पांघरावा तसा गारवा, तीन भाषांत सूचना. मात्र जिना उतरून खाली आलं की विसावं शतक तसंच उभं असतं, खांद्यावर गमछा टाकून. तिथून शेअर ऑटो. मी चौथा बसलो, म्हणजे डावी मांडी माझी आणि उजवी देशाची. हिंगण्याच्या कारखान्यांच्या बसेस अर्ध्या रिकाम्या शेजारून जात होत्या आणि आतले लोक काचेतून आमच्याकडे गाभाऱ्यातल्या देवासारखे पाहत होते. फाट्यावर उतरलो. पुढे चालत.

गावच्या स्टॉपवर कवडूची चहाची टपरी आहे. तिथे चार मंडळी पाहून मी घसा साफ केला आणि विचारलं, की बहुविध वाहतुकीच्या एकात्मिक नियोजनाबाबत आपला अभिप्राय काय? कवडूने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "गुरुजी, साखरेचा टाकू का बिनसाखरेचा?" मग मी सोपं करून सांगितलं की दिल्लीला संसदेची समिती आहे, तिच्यासाठी विचारून राहिलो. इथेच घात झाला. इतक्यात माजी सरपंच रुपराव आला. (तोच, ज्याने शाळेत माझी पाटी बुडवली होती.) तो लांबूनच ओरडला, "लेका श्रीधर, समितीवर लागला अन् गावाले सांगितलं नाही?" मी म्हटलं, अरे मी समितीवर नाही, माझा भाऊ तिथे नोकरीला आहे. त्याने इतरांकडे पाहून डोळा मारला. "तपासणीवाले कधी कबूल करत असते काय, बाप्पा!" मी जसजसं नाकारत गेलो तसतसं माझं पद वाढत गेलं. घटकाभरात टॉवेल, टोपी, नारळ आले. मी संस्कृतचा माणूस, सत्यं वद हे मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देत आलो. पण टोपी डोक्यावर बसली की जीभ जरा जड होते, हे मला नव्याने कळलं.

अभिप्राय मात्र भरपूर मिळाले. कवडूचं म्हणणं, बस टपरीसमोरच थांबावी (हे राष्ट्रीय धोरणात कसं बसवायचं ते तू बघ). रुपराव म्हणाला, उडाणपूल कितीही बांधा पण एखादा आमच्या गावात उतरू द्या. तुळसाबाई भाजीचं गाठोडं घेऊन फाट्याकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि माझ्या टोपीकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या समितीले म्हणा, एक डाव या स्टॉपवर उभं राहा. खुर्ची देऊ नका गा कोणी त्यायले."

ताई तेव्हाही शेतातच होती, म्हणून मी तसाच घरी आलो आणि प्रकरण संपलं असं समजलो. पण रुपरावने डेपोत फोन केला होता, की दिल्लीची समिती येऊन राहिली आणि त्यात आमचाच माणूस हाये. देवराव, त्या आठवड्यात बस सुरू झाली! स्टॉपच्या खांबाला रंग लागला. ड्रायव्हर इस्त्रीच्या गणवेशात येतो, टपरीसमोर थांबतो (कवडूचं प्राधान्य सर्वांत आधी मार्गी लागलं) आणि समिती दिसते का म्हणून चहूकडे पाहतो. चष्मा लावलेल्या कोणालाही कंडक्टर नमस्कार करतो म्हणे.

आणि मंगळवारी दारात ताई. एकटी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. "खिडकीपाशी बसून आली मी," म्हणाली, आणि बळीरामची गोष्ट काढून इतकी हसली की सुहासिनीला पाणी द्यावं लागलं. त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेली. दाब वाढला आहे. थेंब बदलून दिले आहेत आणि आता दर महिन्याला, न चुकता, यायचं आहे. ताई म्हणाली, "येईन नं. बस हाये आता."

त्या रात्री तुझा निरोप आला, की समितीच्या दौऱ्यातून नागपूर वगळलं आहे. मी अजून हे कोणालाही सांगितलेलं नाही. रुपरावचा रोज फोन येतो. मी 'बघू' म्हणतो. हा शब्द इतका उपयोगी आहे हे मला आधी माहीत असतं तर मीही प्रशासनात गेलो असतो.

मिनलला आशीर्वाद. थंडीत कान बांधून फिर.

तुझा,
श्रीधरदादा

ता. क. : एक विनंती आहे. दौरा रद्द झाला असं कुठेही लेखी येऊ देऊ नकोस. दौरा करूही नका. तुम्ही आलात की दुसऱ्या दिवशी बस बंद. फक्त पुढे ढकलत राहा. 'लवकरच' हा शब्द मोहसावळीला कित्येक वर्षं पुरेल.

दुसरा ता. क. : लाल बस हा राज्याचा विषय आहे, समितीचा नव्हे, असं तू म्हणशील. मान्य. राज्यघटनेत काचबिंदू कोणत्या सूचीत आहे तेवढं पाहून कळव. आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर हवं असेल तर प्राधान्यक्रमात सर्वांत वर एवढंच लिही, की जी बस आली नाही तिच्याबद्दल आधी विचारा. जी धावते तिच्याबद्दल सगळेच सांगतात.

तिसरा ता. क. : मंगळवारी जेवताना ताईने पाणी पेल्याच्या बाजूला ओतलं. टेबल वाकडं आहे म्हणाली आणि हसली. आम्हीही हसलो. टेबल वाकडं नाही रे. डाव्या बाजूचं तिला दिसत नाही आणि ती ते डॉक्टरांनाही सांगत नाही. बस बंद झाली तर ती पुन्हा 'कापूस हाये' म्हणेल आणि घरी बसेल. मला भीती वाटते, देवराव.